कळंक आणि पॅटिना

समुद्रकिनारी गेलेल्या माणसानं समुद्र पाहावा, अशी माझी आपली एक साधी समजूत होती. परंतु समुद्रात एक मोठा दोष आहे. तो घरी नेता येत नाही. शिवाय तो फुकट असतो, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीत घासाघीस करायची सोय नसल्यामुळे गृहिणीचा जीव तिच्यात फार वेळ रमत नाही. म्हणून आम्ही गोव्याला गेलो की पहिल्या दिवशी समुद्र, दुसऱ्या दिवशी मंगेशी आणि शांतादुर्गा, आणि उरलेले सगळे दिवस दुकानं, असा आमचा कार्यक्रम ठरलेला असतो.

पूर्वी ही दुकानं काजू आणि कोकमापाशी संपत. फार तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादी मातीची कुंडी घेऊन ती ठाण्यापर्यंत मांडीवर सांभाळत आणायची. आता तसं राहिलेलं नाही. म्हापशाच्या पुढं, आसगाव-हणजूणच्या बाजूला, जुन्या चिरेबंदी घरांतून 'बुटिक' नावाची दुकानं निघाली आहेत. ज्यात जागा जास्त, माल कमी, पंखा हळू आणि किंमत बारीक अक्षरात असते त्या दुकानाला बुटिक म्हणावं. आत उदबत्ती लावलेली असते, पण देव विकायला ठेवलेला असतो.

हणजूणचा बुधवारचा बाजार तुम्ही ऐकून असाल. सत्तरच्या दशकात गोव्यात येऊन राहिलेले हिप्पी पैसे संपले की आपल्याच वस्तू तिथं मांडून विकत, त्यातून तो वाढला. मला तो व्यवहार प्रामाणिक वाटतो. माणसानं स्वतःची गिटार विकावी, पैसे घ्यावे आणि चालू लागावं. पुढं कधीतरी दुसऱ्यांच्या आज्यांच्या वस्तू विकण्यात जास्त फायदा आहे, हा शोध लागला, आणि बाजाराची अँटिक-शॉपं झाली.

ह्या वेळी आमच्याबरोबर आत्या होती. आत्या मूळची वेंगुर्ल्याची, वय वर्षं एक्याऐंशी. गेली दहा वर्षं ती आमच्याकडे ठाण्याला असते, पण रागावली किंवा हरखली की अजून मालवणीत बोलते. "आत्या, तुम्ही गाडीतच बसा हं, दुकानात चढायला पायऱ्या आहेत," असं सौ.नं तिला फार प्रेमानं सांगितलं. आत्या लगेच उतरली.

घर मात्र सुरेख होतं. दारापुढं गप्पा मारायला दोन्ही बाजूंनी बसायची सोय असलेला बाल्कांव, वर मंगळुरी कौलं, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चौकोनी चकत्या. त्यातून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा मऊ असतो. अशा उजेडात काहीही जुनं दिसतं. मीसुद्धा आरशात जरा मौल्यवान वाटलो.

दुकानदार हा दिल्लीकडून आलेला एक तरुण होता. केसांचा बुचडा बांधलेला, आवाज हळू. विकायची घाई त्याच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हती. एका टेबलावर पितळेच्या रुंद तोंडाच्या भांड्यात त्यानं पांढरी लिली रचून ठेवली होती. सौ. तिथंच थांबली. "फ्लॉवरपॉट ना? अहो, दिवाणखान्यात कसा दिसेल हो?"

तो म्हणाला, "कलोनियल पीस आहे मॅडम. तीन हजार दोनशे."

आत्यानं चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि एकदम म्हणाली, "अरे मेल्या, ह्येच्यात आमचो आजो थुकायचो!"

त्याला मालवणी येत नव्हतं, म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही. सौ.नं हात मागे घेतला आणि साडीला पुसला.

त्यानंतरचा अर्धा तास मी दुभाष्याची नोकरी केली. छताला रोवळ्या उलट्या टांगून त्यांत दिवे सोडले होते. आत्या म्हणाली, तांदूळ धुवायची रोवळी वर टांगून ठेवली तर भात कशाचा करायचा? एका कोपऱ्यात पितळी मापं उतरत्या क्रमानं मांडली होती आणि सगळ्यांत मोठ्या मापात त्या तरुणाची पेनं उभी होती. आत्यानं सगळी पेनं काढून टेबलावर ठेवली आणि मापं हातात घेऊन शाळेत म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं: दोन निळवी एक कोळवं, दोन कोळवी एक चिपटं, दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आणि लिटर आले आणि ही सगळी मंडळी निवृत्त झाली. पण निवृत्त माणसाला पेनस्टँड करून ठेवावं, हे काही तिला पटलं नाही. निवृत्त मलाही होऊन तीन वर्षं झाल्यामुळे मी तिच्या बाजूनं होतो.

पुढं सावंतवाडीचा गंजिफा निघाला. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांची दहा घराणी, प्रत्येकात बारा पानं, अशी एकशेवीस गोल पानं. सावंतवाडीच्या राजघराण्यानं ही कला मरता मरता सावरली आणि आजही तिथल्या राजवाड्यात ती रंगवली जाते. इथं त्यांच्या छपाईच्या नकला चहाच्या कपाखाली ठेवायला केल्या होत्या, सहाचा संच. म्हणजे दहांपैकी चार अवतार कमी करून. कोणते चार गाळले, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

"आणि हे कपाट पोर्तुगीज काळातलं आहे," तो तरुण म्हणाला. "दोनशे वर्षांचं."

कपाट भव्य होतं. पण मी जन्मभर सरकारी कचेरीत कपाटांशीच संसार केलेला माणूस. मी दाराच्या मागं पाहिलं. बिजागरीला फुलीच्या खाचेचे स्क्रू होते, आणि हे स्क्रू जगात आले ते अमेरिकेत, १९३०च्या दशकात. मी तसं अदबीनं सांगितलं.

"स्क्रू नंतर बसवले असतील," तो म्हणाला. म्हणणं रास्त होतं. जुन्या घरात दुरुस्त्या होतातच. मी पाठीमागची फळी ठोकून पाहिली. ती प्लायवुडची होती.

"तीही नंतर बसवली असेल," मीच त्याच्या वतीनं म्हणालो. तो पहिल्यांदा मनापासून हसला, आणि तिथून आमची थोडी दोस्ती झाली. मग त्यानंच सांगितलं की खरं पुराणं विकायचं तर परवाना लागतो. ते बरोबर आहे. १९७२ साली संसदेनं केलेल्या कायद्याप्रमाणे मूर्ती, नाणं वगैरे शंभर वर्षांनी पुरावशेष ठरतं. महत्त्वाच्या हस्तलिखिताला मात्र पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशा वस्तूचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. आत्या हस्तलिखित असती तर सहा वर्षांपूर्वीच तिच्यावर सरकारचा हक्क लागला असता, असं सौ. माझ्या कानात म्हणाली. तिला त्यात थोडा दिलासा वाटल्यासारखा दिसला.

खरं सांगायचं तर पोर्तुगीजांच्या अस्सल जुन्या वस्तू आपण रोज फुकट वापरतो. चावी, बिजागरी, बादली, पिंप, घमेलं, फीत आणि महिन्याच्या एक तारखेचा पगार, हे सगळे शब्द त्यांचे. १५१० साली ते गोव्यात शिरले आणि १९६१ साली गेले, पण जाताना हे सामान आपल्या तोंडात विसरून गेले. गंमत म्हणजे 'लिलाव' हा शब्दही त्यांचाच. एवढ्या वर्षांत त्या शब्दांना कोणी किंमतीचं लेबल लावलं नाही, कारण ते अजून चालतात. लेबल लागतं ते चालेनाशा झालेल्या गोष्टीला.

हे तत्त्वज्ञान मी सौ.ला ऐकवणार, तेवढ्यात पलीकडून आत्याचा आवाज आला. "ह्येका इचार, ही कधी घासल्यान?"

तिच्यापुढं एक पितळी कळशी होती. काळी-हिरवी पडलेली, पोटाला एक पोचा. मी विचारलं. तरुण थोडा दुखावला. "सर, ती घासायची नसते. तो पॅटिना आहे. त्याचीच तर किंमत आहे."

"पॅटिना म्हंजे?"

"कळंक," मी म्हणालो.

आत्यानं त्याच्याकडे अशा कीवेनं पाहिलं की मला त्या पोराचं वाईट वाटलं. तिच्या आयुष्याची निदान पन्नास वर्षं हा पॅटिना चिंचेनं आणि राखेनं घालवण्यात गेली होती. भांडं कळकलं की त्यातलं ताक कळकतं, आणि ताक कळकलं की सासूचं तोंड कळकतं. आंबट शिजवायच्या भांड्यांना कल्हईवाल्याकडून नवसागर आणि कथलाचा हात फिरवून घ्यायचा, तो पावसाळ्याआधी आला नाही तर घरात चिंता पडायची. आणि इथं तोच कळंक साडेपाच हजारांना! कळशीच्या गळ्यातली चिठ्ठी मी वाचून दाखवली. साडेपाचच होते.

आत्या काही बोलली नाही. ती कळशीच्या काठावरून बोट फिरवत होती. आंधळी माणसं वाचतात तसं.

"नाव आसा ह्येच्यार," ती म्हणाली.

"यस, एन्शन्ट इन्स्क्रिप्शन आहे," तरुण उत्साहानं म्हणाला.

मी मोबाइलचा दिवा धरला. इन्स्क्रिप्शन देवनागरीत होतं. तांबटाच्या दुकानात, नाहीतर जत्रेत, छिन्नीनं ठिपके ठिपके मारून घालतात तसं. 'चि. सौ. कां.' एवढं लागलं. पुढं नाव होतं ते झिजून सपाट झालेलं. त्याच्यापुढं स्वच्छ अक्षरांत, 'हीस मामांकडून'. ठिपका न् ठिपका शाबूत.

मला त्याची गंमत वाटली. मी म्हणालो, "बघा, देणाऱ्याचं नाव टिकलं, जिची कळशी तिचंच गेलं."

"जातलाच तर," आत्या म्हणाली. "पाणी ओतताना तिचो हात थंयच लागायचो ना."

कोणी काही बोललं नाही. तो तरुणसुद्धा. भाषा न कळताही काही गोष्टी कळतात.

"मामान दिल्लां भांडां," ती पुढं म्हणाली. "तिना इकूक नाय. तिच्या माघारी इकल्यानी." आणि कमरेची कापडी पिशवी सोडत मला म्हणाली, "वजनार दी म्हणा."

आता इथं खरा पेच आला. दुकानात वजनकाटा नव्हता. तीनशे किलो पितळ मांडून बसलेल्या माणसाकडे काटा नाही, हे आत्याला खरंच वाटेना. तरुणानं कारागिरीचं, दुर्मिळतेचं आणि पॅटिनाचं नाव घेतलं. आत्यानं तिन्हींचा निकाल लावला: घडणावळ त्या मुलीच्या मामानं त्याच वेळी भरली आहे, ती दुसऱ्यांदा कशाला? दुर्मिळ म्हणशील तर आमच्या माळ्यावर सात होत्या. आणि कळंक तुझा तू काढून ठेव, मला नको. हा युक्तिवाद मी हिंदीत केला तेव्हा तो माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे पाहत होता. शेवटी तो तेवीसशेवर आला आणि वर कागदात गुंडाळून गाडीपर्यंत आणून दिली. जाताना त्यानं विचारलं, "आजी, ती मापं... सगळ्यांत लहान कोणतं म्हणालात?"

"निळवां," आत्या म्हणाली. त्यानं ते चिठ्ठीवर लिहून घेतलं.

ठाण्याला आल्यावर आत्यानं चिंच भिजत घातली. निम्म्याहून अधिक किंमतीचा पॅटिना अर्ध्या तासात मोरीतून वाहून गेला. सौ. दारात उभी राहून हळहळत होती. "आत्या, निदान एका बाजूला राहू द्या हो!" पण खालून पिवळंधमक पितळ निघालं तेव्हा तीही गप्प झाली. आणि झिजलेल्या जागी, उन्हात तिरकं धरलं म्हणजे, एक अक्षर दिसायला लागलं. 'शा'. पुढचं काही नाही.

त्या दिवशी जेवताना घरात दुसरा विषय नव्हता. सौ. म्हणे शांता, मुलगी म्हणे शारदा, मी आपला शालिनीच्या बाजूचा. आत्यानं कोणालाच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, शालूची कळशी भरून घे रे!" वाद मिटला.

परवा आमच्या सोसायटीतले एक जाणकार आले होते. त्यांच्या घरी दिवा लावलेली रोवळी आहे. ते ओट्यापाशी थबकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वा! कुठल्या काळातली हो ही?"

"शालूची आसा," आत्या म्हणाली. "पाणी व्हया?"