सराफ गल्लीतली धूळ

आमच्या तालुक्याच्या गावात सोन्याची खाण नव्हती, पण सराफ गल्ली होती. तेवढ्यावर झारेकऱ्यांची चार घरं जगायची. सोनार कानस मारताना उडालेला बारीक कीस धुळीतून गटारात जायचा. पहाटे दुकानं उघडायच्या आत ते तो गाळ पाट्यांत भरून ओढ्यावर नेत. पाण्यात पाटी गोल गोल हलवायची. सोनं पाण्याच्या सुमारे 19 पट जड, म्हणून माती वाहून जाई अन् कण तळाला बसत. मग त्यात पारा चोळायचा. पारा सोन्याला धरतो, मातीला सोडतो. फडक्यातून पिळून उरलेला गोळा चुलीवर तापवला की पारा उडायचा, सोनं राहायचं.

"सोनं कुठं जात नाही लेकरा, नुसतं सांडतं," शेजारची झारेकरीण आजी म्हणायची.

पण उडालेला पाराही कुठं जात नव्हता. घरातच राहायचा, श्वासातून अंगात उतरायचा. आजीच्या हातातली चहाची बशी सदा थरथरायची. लोक म्हणायचे, वय झालं. तिचा थोरला तेव्हा पस्तिशीचा होता. त्याचेही हात तसेच हलायचे.