जमीर

२६ नोव्हेंबरच्या परिपाठात आमच्या उर्दू शाळेत उद्देशिकेचं वाचन झालं; एकदा उर्दूतून, एकदा मराठीतून. १९४९ साली याच तारखेला संविधान सभेने संविधान स्वीकारलं, हे मुलांना पाठ असतं. तारखा पाठ असतात हो, अडतं ते पुढे.

आठवीच्या वर्गात कलम २५ घेतलं. 'सद्सद्विवेकबुद्धी'पाशी सगळ्यांच्या जिभा अडखळल्या. मी म्हटलं, "जमीर." चेहरे उजळले. मग दाखवलं, की धर्म मानण्याचा, आचरणाचा, प्रसाराचा हक्क या कलमात नंतर येतो, आधी जमीर. केरळमधल्या तीन भावंडांची हकीगत सांगितली. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. एवढासा पंथ, पण न्यायालयाने डोकी मोजली नाहीत.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "टीचर, जमीर की आजादी घर में भी होती है क्या?"

वर्ग हसला. हे कलम सरकारला बांधतं, घराला नाही, असं सांगता आलं असतं. पण आदल्याच रात्री माझी लेक म्हणाली होती, "अम्मी, मला वकिली शिकायचीय," आणि मी "दादी काय म्हणतील?" म्हणून दिवा मालवला होता.

"उद्या सांगते," म्हटलं.

घरी येऊन चहा टाकला, लेकीला समोर बसवलं. "काल तुझं बोलणं अर्धं राहिलं. सांग."