बंद पेटीच्या बाजूने

सबवूफरच्या पेटीला पोर्ट, म्हणजे हवा आतबाहेर करणारी नळी, हवीच असं माझं ठाम मत होतं आणि मी ते मित्रांनाही पटवून देत असे. तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज मिळतो, तोही पार २५-३० हर्ट्‌झपर्यंत; मग पेटी बंद करून खालचा सूर घालवायचा कशाला? आज घरासाठी कुणी विचारलं, तर मी बंद पेटीच सुचवतो.

मत डळमळलं ते डग्ग्यामुळे. पोर्टच्या पेटीवर तबल्याचं एकलवादन ऐकताना घुमारा भरपूर यायचा, पण मनगटाच्या दाबाने वर सरकणारा तो घिस्सा त्या घुमाऱ्यात विरून जायचा. थाप संपली तरी नळीतली हवा तिच्या ठरलेल्या सुरात थोडा वेळ हलत राहते. बंद पेटीवर तोच घिस्सा सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग ऐकू आला. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूची थापही जिथल्या तिथे थांबली. हे कानाला पटलं, पण खालच्या सुरांचं काय, हा प्रश्न उरलाच.

अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ च्या सुमारास ‘एआर-१’ स्पीकर केला, तो याच प्रश्नातून. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकलला की हवा तो परत लोटते. विल्चरनी स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूची पकड मुद्दाम सैल ठेवली आणि त्याला जागेवर आणायचं काम बंद पेटीत अशाच कोंडलेल्या हवेवर सोपवलं; त्यामुळे बंद पेटीतूनही खालचे सूर निघू लागले. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्यामुळे पेटीचं गणित कुणालाही वहीवर मांडता येऊ लागलं.

स्पीकरच्या माहितीपत्रकावर एफएस (स्पीकरचा स्वतःचा अनुनाद), क्यूटीएस (त्या अनुनादाचा क्यू, म्हणजे तो किती टोकदार आहे) आणि व्हीएएस (शंकूच्या पकडीइतकीच लवचीक असणाऱ्या हवेचं घनफळ) हे आकडे असतात. व्हीएएसला पेटीच्या घनफळाने भागायचं, त्यात एक मिळवायचा, वर्गमूळ काढायचं आणि त्याने एफएस व क्यूटीएस दोन्हींना गुणायचं. समजा एफएस २८ हर्ट्‌झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर आहे. ४१ लिटरच्या पेटीत एकूण क्यू ०.७ वर येतो, उतार सुरू होईपर्यंत आवाज सपाट राहतो आणि पेटीचा अनुनाद ४४ हर्ट्‌झवर बसतो. घनफळ २० लिटर केलं की क्यू ०.९ आणि अनुनाद ५६ होतो. बेस नुसता कमी होत नाही, त्याची जातच बदलते: वर फुगवटा आणि खाली पोकळी. ‘स्पीकर मावला की झालं’ असं म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवतो.

अनुनादाखाली बंद पेटीचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टच्या पेटीचा २४ ने. माझा शेवटचा आक्षेप मोडला तो इथे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्‌झच्या खाली खोलीच आवाजाला उचलून धरू लागते, आणि आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो फारसा निसटू देत नाहीत. बंद पेटीचा संथ उतार या उचलीने बराचसा भरून निघतो. मोठ्या सभागृहात हा आधार मिळत नाही. तिथे मी आजही पोर्टच निवडेन.

सुताराला माप द्यायचं ते आतलं. बाहेरून ४० सेंटिमीटरचा घन ६४ लिटरचा भरतो, पण १८ मिलिमीटरच्या प्लायने आत ४८ च उरतात. त्यातून स्पीकरचं लोहचुंबक आणि आधाराच्या पट्ट्या वजा करायच्या. सांधे आणि वायरचं भोक हवाबंद हवं, नाहीतर केलेलं गणित त्या फटीतून निघून जातं. ४१ आणि ४५ लिटरमध्ये मन अडलं, तर मी ४५ घेतो: जास्तीची जागा आत लाकडाचे ठोकळे चिकटवून कमी करता येते, कमी पडलेली मात्र पॉलिएस्टरचा कापूस भरून थोडीशीच वाढल्यासारखी होते.