चिखलाचे शब्द

चिखल पायांनीं तुडवावयाचा. त्याच्या नांवांची चौकशी कोण करतो? आम्हांसही तसेंच वाटत असे. म्हणून इंग्रजी शब्दांस रुमानियन प्रतिशब्द जुळवितांना 'मड'पुढें आम्हीं 'नोरोय' लिहिलें, आणि चिखलाचें प्रकरण संपलें असें मानलें.

पुढें भाषांतरास एक उतारा आला. काळ्या समुद्राच्या कांठीं तेकिरग्योल नांवाचें खारें सरोवर आहे. संधिवाताचे रोगी तेथील काळा गाळ अंगास फांसतात. आम्हीं बेधडक 'नोरोय' लिहिलें. परंतु ती तर रस्त्यांतील राड! औषधी गाळास रुमानियन लोक 'नमोल' म्हणतात. त्या बिचाऱ्या रोग्यांस आम्हीं राडेनें माखलें होतें! कुंभाराची माती आणखी निराळी. ती 'लुत', लॅटिन 'लुतुम' शब्दाची लेक.

आतां आपण शहाणे झालों, असें वाटलें. इतक्यांत योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय निघाला. प्रभूनें थुंकीनें माती भिजवून जन्मांधाच्या डोळ्यांस लाविली, ती कथा. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत तेथें 'क्ले' आहे. अर्थात् आम्हीं 'लुत' लिहिलें. रुमानियन शुभवर्तमान उघडून पाहतों, तों तेथें 'तिना' हा जुना स्लाव्ह शब्द!

कोश शब्द देतो. पण तो चिखल कोणाच्या पायांखालीं आहे, कोणाच्या चाकावर आहे, कीं कोणाच्या डोळ्यांवर आहे, हें आपणच पाहिलें पाहिजे. त्या जन्मांधास डोळ्यांवरील चिखल धुतल्यावर दृष्टि आली. आमचे डोळेही चिखलानेंच थोडेसे उघडले.