लाल पानांची हौस

तळेगाव दाभाड्याच्या आसपास आता नव्या घरांच्या ओळी उभ्या आहेत. औद्योगिक वसाहत आली, काहींच्या जमिनी गेल्या, मुले चाकणपर्यंत कारखान्यांत कामाला जाऊ लागली. जिथे खळे सारवले जायचे, तिथे फरशी आणि हिरवळ दिसते. त्याबरोबर आम्हा विस्तार अधिकाऱ्यांना येणारे प्रश्नही बदलले. भाताच्या करप्याच्या जोडीला आता हमखास विचारले जाते, "साहेब, ते लाल पानांचं जपानी झाड आपल्याकडं येईल का?"

हे झाड म्हणजे जपानी मेपल. जपानी लोक त्याला मोमिजी म्हणतात. हाताच्या पंजासारखे त्याचे पान शरद ऋतूत लालभडक होते. रात्री गारठल्या की पानातला हिरवा रंग विरतो आणि लाल रंग उठून दिसतो. मग पाने गळतात आणि झाड कडक थंडीत दोन-तीन महिने झोपते. ही झोप त्याला लागतेच.

आपल्या मावळात ती झोप कुठली? थंडी येते, पण फार टिकत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्याने त्याच्या पानांच्या कडा करपतात. त्यातून वाचले, तर आपल्या पावसात मुळाशी पाणी साचून मुळे कुजतात.

तरी हौस असेल त्याने कुंडीतच लावावे. बुडाला मोठी भोके, पालापाचोळ्याचे खत आणि जाड वाळू, फक्त सकाळचे ऊन, आणि पावसाळ्यात पागोळ्यांपासून दूर जागा. बोअरचे खारे पाणी घालू नये. रोप कलमाचे असावे, कारण बियांपासून आईसारखेच झाड येईल असा भरवसा नाही. त्या बियांनाही उगवण्याआधी ओल्या थंडीत काही महिने ठेवावे लागते. मोबाईलवर निळ्या पानांच्या मेपलचे बी दाखवतात. निळ्या पानांचा मेपल जगात नाही. पैसे पाठवू नका.

हे सारे सांगायला निमित्त झाले ते एका वाडीवरच्या काकूंचे. नातवाने मेपलचे महाग रोप मागवायचे ठरवले होते आणि त्याला जागा हवी म्हणून बांधावरचा जुना कोशिंब तोडायचे चालले होते. मी म्हटले, "काकू, फाल्गुनात हा कोशिंब कसा दिसतो?" त्या म्हणाल्या, "जाळ लागल्यागत लाल." नातू आजीकडे बघतच राहिला. शिक्षणासाठी तो बाहेरगावी असायचा. त्या दिवसांत घरी कधी नसेच.

मंडळी, मेपल जाताना लाल होतो, आपला कोशिंब येताना लाल होतो. फाल्गुन-चैत्रात, उन्हाने सारे रान भाजत असताना त्याला लाल पालवी फुटते आणि हळूहळू हिरवी होते. त्याची आंबट फळे पोरे खातात, बियांचे तेल निघते, त्यावरची कुसुमी लाख उत्तम समजतात, आणि लाकूड इतके टणक की घाण्याला आणि मुसळाला वापरत. दाट सावली तर आहेच.

पावसाच्या सुरुवातीला फळ पिकले की गर धुऊन बी लगेच पिशवीत पेरावे. साठवले तर उगवण घटते. पुढच्या पावसाळ्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात शेणखत घालून रोप लावावे. झाड मोठे होते, म्हणून घर आणि विहीर यांपासून तीस फूट तरी लांब. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे आणि गुरांपासून कुंपण करावे. वाढ सावकाश आहे, म्हणून उभे झाड तोडताना दहा वेळा विचार करावा. तेवढे झाड पुन्हा व्हायला एक पिढी जाते.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून ते बेतले आहे. मुलांना जरूर दाखवा. दगड, पाणी, हिरवळ यांची मांडणी दुसऱ्या देशाकडून घेता येते, त्यात कमीपणा नाही. पण हवा उचलून आणता येत नाही, आणि झाड हवेवर जगते.

त्या काकूंचा कोशिंब अजून बांधावर आहे. नातवाने मेपलही आणलाच. तो पडवीच्या सावलीत कुंडीत आहे. दोन्ही राहोत. मात्र जागेसाठी एकच निवडायची वेळ आली, तर फाल्गुनापर्यंत थांबा, बांधावर जाऊन वर बघा, आणि मग ठरवा.