तंबोऱ्याची पारख

सुताच्या पेढीवर वाढलेल्या माणसाला माल उलटा करून पाहण्याची सवय लागते, ती जन्मभर सुटत नाही. सोलापुरी चादरीची नक्षी सरळ बाजूने कोणालाही आवडते. जाणकार गिऱ्हाईक मात्र ती उलटवतो, काठ ताणून पाहतो, हातावर वजन घेतो आणि मगच भावाचा विषय काढतो. वाद्याच्या बाबतीत ही सोय नसते. त्याची उलटी बाजू आत असते आणि बाहेर तुळतुळीत रोगण असते. गेल्या वर्षी सूनबाईंसाठी तंबोरा घ्यावयाचे ठरले, तेव्हा ज्या वस्तूचे अंतरंग दिसत नाही तिचे मोल ठरवावे कसे, हा प्रश्न घरात उभा राहिला.

तंबोरा मिरजेचाच घ्यावा, यावर दुमत नव्हते. संस्थानकाळात शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या कीर्तीत आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. या वाद्यांचे भोपळे मंगळवेढ्याच्या परिसरातून जातात. ज्या काळ्या रानातली ज्वारी आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, तिकडचाच हा जाड सालीचा, खाण्यास निरुपयोगी भोपळा. सोलापूरहून मिरजेचा रस्ताही मंगळवेढ्यावरूनच जातो.

ज्या कारागिरांकडे आम्ही गेलो, ते वयोवृद्ध आणि मितभाषी होते. दर्शनी भागात रंगवलेले, नक्षीचे तंबोरे मांडलेले होते. मी म्हटले, ‘रंग न दिलेला दाखवा.’ रंगाई होण्यापूर्वी कोरे कापड पाहावे, तसाच हा प्रकार. ते हसले आणि आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेले. तेथे छताला वाळलेले भोपळे टांगलेले होते. त्यांनी एकेक उतरवून बोटाच्या पेराने वाजवून दाखविला. साल सर्वत्र सारख्या जाडीची असेल तर आवाजही सर्वत्र सारखा येतो. बारीक तडा असेल तेथे तो बसका होतो. असा तडा भुसा व सरस भरून बुजविता येतो, आणि एकदा रंग चढला की तो कोणाच्या बापालाही सापडत नाही.

लाकूड तुणीचे. त्यात पाहायचे ते त्याचे वय. आपल्या सोलापुरात वैशाखात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो. जे लाकूड पुरते मुरलेले नाही, ते अशा हवेत आकसते, मग तबली खचते किंवा दांडीचा सांधा उघडतो. दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून तिचा सरळपणा पाहावा. खुंटी फिरवून हात सोडावा. ती मागे सरकली, तर गाताना पावलोपावली सूर उतरणार. नक्षीसाठी द्यावयाचे पैसे या दोन गोष्टींसाठी द्यावेत, असे माझे स्पष्ट मत झाले.

जवारीविषयी सूनबाईंना अधिक कळते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत एका ठिकाणी तार एकाएकी खुलते. चारही तारा तशा खुलल्या पाहिजेत, आणि खर्जाचा सूर मध्येच न तुटता सावकाश विरला पाहिजे. त्यांनी काळी चार स्वरात तीन तंबोरे लावून घेतले. सर्वांत देखणा होता तोच त्यांनी पहिल्यांदा बाजूला ठेवला.

खरी अडचण घोडीपाशी आली. ती कशाची, असे विचारताच कारागिरांनी आडपडदा न ठेवता सांगितले, ‘हाडाची.’ पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंगही वापरीत. ज्या वाद्यावर पहाटे स्तवन गायले जायचे, त्यात हाड असणे आमच्या घरात कोणालाच मान्य होण्यासारखे नव्हते. लाकडी घोडी बसवा, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, ‘बसवतो, पण लाकूड लवकर झिजते, जवारी वरचेवर काढावी लागेल, आणि आवाजाची धारही थोडी कमी येईल.’ आवाजात फरक पडतो, हे मी ऐकले आणि नाकारीत नाही. सूनबाईंनी क्षणभर तंबोऱ्याकडे पाहिले आणि ‘चालेल’ म्हणाल्या. सांध्यांसाठीही जनावरांच्या चामड्यापासून केलेला सरस वापरू नये, तयार मिळणारा पांढरा गोंद वापरावा, असे ठरवून घेतले.

पुढच्याच महिन्यात पुतण्याला विजेवर जोडता येणारी गिटार हवी झाली. दुकानदाराने लगेच तार जोडून अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला. मी म्हटले, ‘आधी ती तार काढा.’ बहुतेक अशा गिटारींत घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीखाली पिकअपची पातळ फीत असते आणि तारांचा दाब ती विजेत बदलते. त्यामुळे पेटी प्लायची असो की सबंध फळीची, स्पीकरमधून दोन्ही जवळजवळ सारख्याच भासतात. पेटीच्या भोकाच्या काठाकडे निरखून पाहावे: वरच्या लाकडाच्या रेषा जाडीतून तशाच खाली उतरल्या असतील तर फळी सबंध, थर दिसले तर प्लाय. बॅटरीचा उजेड टाकला की आतल्या पट्ट्या आणि गोंदाचे ओघळही दिसतात. हे वाद्य निदान आत डोकावू तरी देते! पांढरी पट्टी येथेही कधी हाडाची, कधी प्लास्टिकची. प्लास्टिकची आणि सबंध फळीची अशी एक मिळाली. तिच्यावर चकाकी नव्हती, म्हणून भावही बरा बसला.

तंबोऱ्याची जवारी कारागिरांनी सांगितल्याप्रमाणे वर्षाच्या आतच बोथट झाली आहे. चातुर्मास संपला की तो मिरजेला न्यावयाचा आहे.