गोधडीतली कुल्फी

यंदा डॉक्टरांनी उजव्या खांद्यावर बंदी घातली, वजन म्हणून उचलायचं नाही. त्यामुळे सांगलीहून पुण्याला जाणारा कुल्फीचा डबा पहिल्यांदाच माझ्याशिवाय गेला. पुतणी घेऊन गेली. रात्री तिचा फोन आला, "काकू, मस्त पोचली. सगळ्यांना आवडली." आवडणार हे मला ठाऊकच होतं. मला हवं होतं ते वेगळंच: साचा तळहातांत चोळल्यावर कुल्फी किती वेळानं सुटली? कडा कोरड्या होत्या की ओल्या? ते तिनं बघितलंच नव्हतं. वन्संनी डबा दारातूनच घेतला आणि साचे थेट फ्रीझरमध्ये सरकवले.

इथंच तर सगळा घोळ आहे. कुल्फी बिघडते ती कडेनं. वाटेत कडा विरघळल्या आणि घरी जाऊन पुन्हा गोठल्या, तर दिसायला कुल्फी धडधाकट. पण दाताखाली बर्फाची कचकच लागते. पाण्याचे बारीक कण एकदा सुटले की परत गोठताना मोठे होऊन बसतात, मग दूध तुम्ही कितीही आटवलेलं असो. खाणारा म्हणतो, "छान आहे हं." मी त्याच्या जबड्याकडे बघत असते.

लोक बर्फावर भरवसा ठेवतात. आमच्या गल्लीतल्या एक बाई कुठंही काही थंड न्यायचं तर फ्रीजमधला बर्फ पिशवीभर ओततात आणि पोचल्यावर अभिमानानं दाखवतात, बघा, बर्फ अजून शाबूत! बर्फ शाबूत, आणि आत कुल्फीचं बासुंदीत रूपांतर. कारण साधा बर्फ शून्याला वितळतो, आणि साखर घातलेलं दूध शून्याच्या बरंच खाली असतानाच ढिलं पडायला लागतं. बर्फाच्या मधोमध ठेवलेली कुल्फीही वितळू शकते, हे पटवून देता देता माझं निम्मं आयुष्य गेलं. औषधांच्या दुकानात थर्माकोलचे सुरेख खोके मिळतात, ते मी आणते. पण त्यांच्यासोबतच्या जेलच्या थैल्या ठेवून येते. ती व्यवस्था इन्शुलिनसाठी, दोन ते आठ अंशांची. कुल्फीला दोन अंश म्हणजे वैशाखच.

मडक्याला लाल फडकं गुंडाळून फिरणाऱ्या कुल्फीवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो बर्फात खडे मीठ घालतो. मिठानं बर्फ लवकर वितळतो, आणि वितळताना शून्याच्या खाली उतरतो. मात्र त्याला दिवसभर बर्फाची भर घालता येते, एसटीत मला नाही. शिवाय ते खारं पाणी शेजारच्या प्रवाशाच्या चपलांत गेलं की जो संवाद होतो तो इथं लिहिण्यासारखा नाही.

म्हणून बाटल्या. मिठाचं पाणी बाटलीत भरून फ्रीझरमध्ये. मीठ किती, यावर मी जेवढी रेंगाळले तेवढी मुलांच्या अभ्यासावर नाही. पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घातलं तर घरच्या उणे अठराच्या फ्रीझरमध्ये ते पाणी गोठतच नाही, नुसतं गार राहतं, आणि नुसतं गार पाणी तासाभरात हात टेकतं. न गोठलेल्या बाटलीत थंडीचा साठा कुठला? लिटरला शंभर ग्रॅम घातलं की साधारण उणे सहाला गोठायला लागतं आणि फ्रीझरमध्ये बऱ्यापैकी घट्ट होतं. मग वाटेत ते हळूहळू वितळत राहतं आणि कुल्फीच्या वाटची उष्णता स्वतः घेतं. बाटल्या साच्यांच्या वर, कारण गारवा खाली उतरतो. खालीच ठेवणारेही आहेत. त्यांच्या कुल्फीचं टोक टणक आणि झाकणाकडचा भाग पातळ. खोक्यावर आईची जुनी गोधडी. "अहो, गोधडीनं गरम नाही का होणार?" हा प्रश्न कऱ्हाडच्या आत कुणीतरी विचारतंच, आणि खरं सांगते, मी त्याची वाट बघत असते.

१८३३ साली बोस्टनच्या एका व्यापाऱ्यानं बर्फ भरून पाठवलेलं जहाज कोलकात्याला आलं. चार महिन्यांचा प्रवास, निघताना १८० टन, पोचताना १०० टनांच्या आसपास. बर्फ टिकावा म्हणून तो व्यापारी लाकडाचा भुसा वापरायचा. त्याची गोधडीच ती. मला त्या माणसाचा हेवा वाटतो. वितळलेलं वजा करून उरलेलं विकता येतं असा त्याचा माल. कुल्फीत तशी वजाबाकी नसते.

आता जे सांगते ते वन्संच्या कानावर जाऊ नये. साखर जितकी जास्त तितकी कुल्फी लवकर ढिली पडते. हे कळल्यापासून पुण्याच्या कुल्फीत मी साखर कमी घालते. आंब्याच्या कुल्फीत तर रस आटवते आणि साखर जवळजवळ घालतच नाही. गारठलेल्या जिभेला गोडी आधीच कमी लागते, त्यात ही काटकसर. म्हणजे इतकी वर्षं पुणेकर जिचं कौतुक करतायत ती माझी चांगली कुल्फी नव्हेच. चांगली सांगलीत राहते. आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. "किती छान झालीय" यापेक्षा "इतक्या उन्हात आणलीस कशी?" हे ऐकायला मी जात होते.

पुतणीनं हे बरोबर ओळखलंय. तिचं म्हणणं, साखर हवी तेवढी घाला, मी ड्राय आइस आणते. उणे अठ्ठ्याहत्तर अंश! कुल्फीचा दगड होतो, खोक्याला वायू निघायला फट ठेवावी लागते, आणि त्यात कसब ते काय उरलं? पैसे टाकले की कुणाचीही कुल्फी पोचेल. तिला हा तोटा वाटत नाही.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा जातेय. बाटल्या माझ्याच, साखर तिच्या मनाप्रमाणे, एवढ्यावर तूर्त तोडगा निघालाय. एक अट मात्र घातली. स्वारगेटला उतरल्या उतरल्या, वन्संच्या फ्रीझरच्या आधी, एक साचा उघडून कडा बघायच्या.

"आणि मग त्या कुल्फीचं काय करू, काकू?"

"उभ्या उभ्या खा. आणि कचकचली तर लगेच फोन कर."